अनोळखी लेखकांच्या विज्ञानकथा कशा शोधाल?

1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती लिहिली होती खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर यांनी. आपल्या नावाचा निकालावर परिणाम होऊ नये, म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं. पुढे 2021 मध्ये नाशिकला झालेल्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते.

हीच कसोटी वाचकालाही लावता येते: आधी कथा, मग नाव.

आज नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्राच्या वसाहतीत बसूनही नवे लेखक मोबाइलवर सापडतात. प्रतिलिपीवर ‘विज्ञानकथा’, ‘गूढकथा’ असे शब्द शोधा. ई-साहित्य प्रतिष्ठानची ई-पुस्तकं मोफत मिळतात. स्वतः प्रकाशित केलेले कथासंग्रह किंडलवर असतात; विकत घेण्याआधी नमुन्याची पानं वाचता येतात. दिवाळी अंकांमध्येही अशा कथा असतात.

एक कथा आवडली, तरच संग्रह घ्या. आणि वाचून झाल्यावर दोन ओळींचा अभिप्राय जरूर लिहा. प्रकाशक, जाहिरात पाठीशी नसलेल्या लेखकाचं पुस्तक पुढच्या वाचकापर्यंत पोहोचतं, ते बहुतेक वेळा त्या दोन ओळींमुळेच.