एप्रिलमधला पाऊस आणि नोव्हेंबरमधली मतं

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि अमेरिकेतली शंभरहून अधिक शहरं पेटली. नोव्हेंबरमध्ये ‘कायदा आणि सुव्यवस्था’ हा मुद्दा लावून धरणारे रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन अध्यक्षपदी निवडून आले. त्यांच्या आणि डेमोक्रॅटिक उमेदवार ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या मतांमध्ये एका टक्क्याचंही अंतर नव्हतं. मग हम्फ्री दंगलींमुळे हरले का? दंगलग्रस्त भागातले गोरे मतदार आधीपासूनच निक्सन यांच्याकडे झुकलेले असतील, तर नुसत्या आकडेवारीवरून काहीच ठरत नाही.

राज्यशास्त्रज्ञ ओमर वासो यांनी इथे पावसाची मदत घेतली. पाऊस कोसळत असला की लोक रस्त्यावर उतरत नाहीत. त्या एप्रिलमध्ये तो कुठे पडला, यावर कोणत्याही पक्षाचा ताबा नव्हता. म्हणजे कुठे दंगल व्हावी आणि कुठे नाही, याच्या चिठ्ठ्या काही प्रमाणात हवामानानेच टाकल्या होत्या. २०२० साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: हिंसक निदर्शनांमुळे गोऱ्यांची १.५ ते ७.९ टक्के मतं रिपब्लिकन पक्षाकडे सरकली असावीत आणि त्यातूनच बहुधा निकाल फिरला. अंदाजाचा पट्टा रुंद आहे, त्यामुळे कुणी एकच आकडा छातीठोकपणे सांगू लागला तर विश्वास ठेवू नये.

याउलट, त्यांच्याच अभ्यासात अहिंसक निदर्शनांच्या जवळपासच्या काउंट्यांमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची मतं १.६ ते २.५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ७ मार्च १९६५ला अलाबामा राज्यातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणारे सुमारे सहाशे मोर्चेकरी निःशस्त्र चालत होते. पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. त्या रात्री एबीसी वाहिनीने चालू चित्रपट थांबवून ती दृश्यं दाखवली आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. आंदोलक शांत आणि सरकार हिंसक असेल, तर बातमी हक्कांची होते; आंदोलकांनीच हिंसा सुरू केली, तर ती गुन्हेगारीची होते. पहिल्या बातमीची किंमत मार खाणाऱ्यांनी मोजली. अन्याय सोसणाऱ्यांनीच संयमाचीही परीक्षा द्यावी, ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

पण हिंसेमुळे मतदार दुरावतात, हा नियम सगळीकडे लागू पडतोच असं नाही. १९९२च्या लॉस एंजेलिस दंगलीत पन्नासहून अधिक माणसं मेली. तरीही दंगलीनंतर तिथल्या मतदारांचा सार्वजनिक शाळांवरच्या खर्चाला पाठिंबा वाढल्याचं २०१९च्या एका अभ्यासात आढळलं. हा कौल एका शहरातल्या शाळांबद्दलचा होता. १९६८ साली मतं मागितली गेली होती ती साऱ्या देशाची सत्ता कुणाकडे द्यायची यासाठी.