दोषाचे मोल

यंत्र जितके निर्दोष तितके ते मोलाचे, ही समजूत वाद्यांच्या बाबतीत खरी ठरत नाही. विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणाऱ्या सिंथेसायझरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९७० साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांच्या कंपनीने ‘मिनीमूग’ हे अ‍ॅनालॉग वाद्य बाजारात आणले. त्यातील तीन ऑसिलेटर विजेच्या आंदोलनांतून स्वर देत आणि फिल्टर त्यांतील तीव्र अंश गाळून स्वराला गोलाई आणी. मात्र तापमान बदलले की हे ऑसिलेटर ढळत आणि तंबोऱ्याप्रमाणे ते पुन्हा जुळवावे लागत. तीन स्वर तंतोतंत जुळले नाहीत म्हणजे त्यांच्या संयोगातून मंद थरथर उत्पन्न होते. जुन्या वाद्यांच्या ज्या ‘उबे’चे आज एवढे कौतुक होते, तिचा एक उगम या दोषातच आहे.

१९८३ साली जपानच्या यामाहा कंपनीचा ‘डीएक्स-७’ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या संशोधनावर आधारलेल्या या डिजिटल वाद्यात स्वर आकड्यांच्या गणिताने घडे; साहजिकच तो ढळत नसे. घंटेसारखे धातुमय, लखलखीत नाद ही त्याची खासियत. एका वेळी सोळा स्वर देणारे हे वाद्य दोन हजार डॉलरांच्या आत मिळू लागले आणि जुनी वाद्ये अडगळीत गेली.

परंतु अर्थशास्त्राचा खेळ येथूनच सुरू होतो. रोलँड कंपनीचे ‘टीबी-३०३’ हे छोटे अ‍ॅनालॉग यंत्र एकट्या वादकाला बासची साथ मिळावी म्हणून निघाले होते. ते खपले नाही व १९८४ मध्ये बंद झाले. शिकागोतील होतकरू तरुणांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचलले आणि १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ने नृत्यसंगीताचा एक नवा प्रवाह जन्माला घातला. त्यापूर्वीच, १९८२ मध्ये, मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी याच यंत्राच्या साहाय्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सादर केले होते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यातील सोय मींडेला जवळची होती. त्या ध्वनिमुद्रिकेकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले.

आज तेच यंत्र मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाते. ही किंमत नादाची की दुर्मीळतेची? नाद तर बदललेला नाही. बदलला तो पुरवठा. किंबहुना, आता संगणकावरील वाद्यांतही स्वर मुद्दाम किंचित ढळवण्याची योजना असते. तेव्हा जुने महागडे यंत्र परवडत नाही म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने हिरमुसण्याचे कारण नाही. शिकागोच्या तरुणांनी ते यंत्र घेतले ते थोर म्हणून नव्हे, परवडले म्हणून. त्यांचा वारसा आज चालवायचा तर तो संग्राहकाच्या कपाटात नव्हे, हाताशी असलेल्या स्वस्त साधनातून आपला नाद शोधणाऱ्याकडेच चालेल.