आपल्या पट्टीचा तंबोरा

रत्नागिरीत ज्या घरांत गाणं शिकलं-शिकवलं जातं, तिथे तंबोरा येतो तो बहुतेक मिरजेहून. हातखंबा, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर आणि पुढे मिरज, असा हा रस्ता. दुकानात जाऊन भिंतीला टेकवून ठेवलेला तयार तंबोरा उचलून आणता येतो, आणि तो चांगलाही निघू शकतो. पण सांगून करवून घेतलेल्या तंबोऱ्याची गोष्ट निराळी आहे. गाणाऱ्याची पट्टी, गाणाऱ्याची बैठक, त्याला आवडणारी जव्हारी हे सगळं लक्षात घेऊन एक कारागीर लाकूड निवडतो, भोपळा निवडतो आणि कामाला लागतो. असं वाद्य हाती येतं तेव्हा होणारा आनंद नव्या वस्तूच्या आनंदाहून मोठा असतो, कारण आपला आवाज कोणीतरी नीट ऐकून घेतल्याची ती पावती असते.

शिकलगारांची मिरज

मिरजेत तंतुवाद्यं घडू लागली ती १८५० च्या सुमारास. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू यांच्यापासून ही परंपरा सुरू झाली, असं मानलं जातं. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावणारे, शस्त्रं उजळणारे लोक. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी आटली. मिरज संस्थानाच्या पटवर्धन राजांना गाण्याची आवड होती, त्यामुळे बाहेरगावचे गवई-वादक दरबारात येत-जात. त्यांच्या वाद्यांची डागडुजी करता करता पोलादावर चालणारे हात लाकडावर आणि भोपळ्यावर चालू लागले. पुढे या घराण्यांतल्या अनेकांनी सतारमेकर हेच आडनाव लावलं. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत आजही एका दारातून कानशीचा आवाज येतो, तर दुसऱ्या दारातून खर्ज.

या गावाला गाण्याचं भाग्यही लाभलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर इथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले आणि १९३७ साली त्यांचं निधन झाल्यावर ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांना विसावा मिळाला. तिथल्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात. हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचाच, १९०५ सालचा. खाँसाहेबांना सुरेल तंबोऱ्याचा ध्यास होता आणि वाद्यदुरुस्तीही त्यांना स्वतःला येत असे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचा अभ्यास करत होते, त्या कामातही खाँसाहेबांनी त्यांना साथ दिली. देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघालं. असे कान असलेला माणूस गावात राहायला आल्यावर कारागिरांना सैल काम करणं शक्यच नव्हतं. मिरजेच्या तंबोऱ्याचं नाव झालं त्यामागे हे आहे. इथे घडवणारा आणि गाणारा शेजारी होते.

भोपळा, तून आणि तबली

तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नसतो. तो कडू. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठी तो पिकतो. वेलावर पूर्ण पोसून, जून होऊन, शेतात खडखडीत वाळला की मिरजेला येतो. कारागीर तो हातात घेऊन फिरवतो, बोटाच्या पेराने वाजवतो, सालीची जाडी आवाजावरून ओळखतो. मग तो कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि आत काड्यांचे ताण देऊन हवा तो घेर येईपर्यंत वाळवायचा.

लाकूड लागतं तूनचं. तांबूस, वजनाला हलकं, कोरायला मऊ आणि तरीही आवाज वाहून नेणारं. ते कर्नाटकातल्या जंगलांकडून येतं. गळा, पोकळ दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली याच लाकडाची. तबली किंचित फुगीर आणि पातळ ठेवावी लागते. जाड राहिली तर वाद्य मुकं राहतं, फार पातळ झाली तर तारांच्या दाबाने कालांतराने खचते. मधला नेमका बिंदू मोजपट्टी सांगत नाही, तो हाताला कळतो. त्यानंतर पानाफुलांचं कोरीव काम, लाखेचं पॉलिश, खुंट्या, घोडी आणि तारा. जोडीला पोलादी, खर्जाला पितळी.

सगळ्यात आधी ठरते ती पट्टी. पुरुषांचा तंबोरा मोठा, पेटीवरच्या काळी एकच्या आसपास बोलणारा. स्त्रियांचा आकाराने लहान, काळी चारच्या आसपासचा. दांडीची लांबी, तारांची जाडी, घोडीचं घासकाम, सगळं या एका निर्णयावर उभं असतं. माझा तंबोरा सांगायला मी मिरजेला गेले, तेव्हा वर्षानुवर्षं काळी चारमध्ये गात आले होते, तीच पट्टी मी सांगितली. तंबोरा घडवणाऱ्या चाचांनी समोरचा एक तंबोरा लावून दिला आणि म्हणाले, “ताई, जरा षड्ज लावा.” मी लावला. मग खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार षड्जापर्यंत जायला सांगितलं. ऐकताना ते माझ्याकडे बघतही नव्हते, नजर जमिनीवर होती. थोड्या वेळाने म्हणाले, “काळी चारला तुमचा वरचा सा ओढून लागतोय. पांढरी पाच धरूया. आवाज मोकळा बसेल.” वयानुसार आवाज अर्धा स्वर खाली उतरला होता, हे मला आतून जाणवत होतं, पण कुणी उच्चारलं नव्हतं. विद्यार्थी बोलणार नव्हते, घरच्यांना कळणार नव्हतं. ज्याने मला यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं त्याने ते काही मिनिटांत ओळखलं आणि त्याप्रमाणे तारांचे नंबर वहीत लिहून घेतले.

जव्हारी

तंबोऱ्याचा जीव घोडीत असतो. ही घोडी रुंद आणि सपाट दिसते, पण तिच्या माथ्याला डोळ्यांना जेमतेम दिसेल असा उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर टेकत-सुटत थरथरते. तारेखाली सुती दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवायचा, पुढे-मागे करत राहायचं, आणि एका जागी अचानक स्वर उमलतो. एका सुरातून अनेक सूर झंकारू लागतात. कानशीने आणि काचकागदाने हा उतार घडवणं म्हणजे जव्हारी काढणं. काहींना ती खुली लागते, काहींना बंद आणि गोल.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना या घोडीने कुतूहलात टाकलं होतं. १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या शोधनिबंधात त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा विचार केला. तारेचा जो बिंदू एखाद्या उपस्वरासाठी स्थिर असतो तिथेच तार छेडली, तर तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम आहे. तंबोऱ्यात तो उपस्वर तरीही ऐकू येतो. कारण तार एका काठावर संपत नाही, घोडीच्या माथ्यावर टेकत-सुटत राहते आणि उपस्वरांत सतत नवा प्राण भरते. खर्ज छेडल्यावर कुणीही न गायलेला गंधार कानी येतो, त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाचा पाचवा उपस्वर. चांगल्या जव्हारीत तो शोधावा लागत नाही.

स्पेन, म्युनिक, न्यूयॉर्क

वाजवणारा आणि घडवणारा यांचं हे नातं जगभर आहे. माझा भाचा नायलॉनच्या तारांची गिटार वाजवतो, त्याच्यामुळे त्या वाद्याचा इतिहास माझ्या वाचनात आला. आजच्या क्लासिकल गिटारला आकार दिला तो स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी, एकोणिसाव्या शतकात. गिटारचा आवाज मुख्यतः तिच्या वरच्या पातळ फळीत असतो, अशी त्यांची खात्री होती. ती पटवण्यासाठी १८६२ मध्ये त्यांनी एक गिटार अशी केली की तिच्या बाजू आणि पाठ कागदाच्या लगद्याच्या होत्या, फळी मात्र उत्तम लाकडाची. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. मिरजेचा कारागीर तबलीवर इतका जीव का टाकतो, याचं उत्तर तोरेस यांच्या त्या गिटारीतही आहे.

पुढे आंद्रेस सेगोव्हिया या थोर वादकाच्या हातची स्पॅनिश गिटार म्युनिकच्या हेर्मान हाउझर यांनी पाहिली, अभ्यासली आणि त्याच्यासाठी वर्षानुवर्षं एकामागून एक गिटारी करून पाहिल्या. १९३७ सालची गिटार त्याच्या मनासारखी उतरली आणि तिने त्याला पाव शतक साथ दिली. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तोवर गिटारच्या तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा तुटवडा झाला, तेव्हा न्यूयॉर्कचे कारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या धाग्यापासून तारा केल्या. सेगोव्हियाने त्या आपल्याशा केल्या आणि जगभर त्यांचा प्रसार झाला. कारागिराचा प्रयोग आणि वादकाचा कान एकत्र आल्यावरच हे घडतं.

गवसणी सुटली तेव्हा

तंबोरा रत्नागिरीला आला तो गाडीच्या मागच्या सीटवर, दोन उशांच्या मध्ये, तारा सैल केलेला. घाट उतरेपर्यंत माझा एक हात त्याच्या दांडीवर होता. घरी आल्यावर त्याला लगेच लावायचं नाही, असं चाचांनी बजावलं होतं. मिरजेची हवा कोरडी, इथली दमट. वाद्याला नव्या हवेत मुरू द्यायचं, मग तारा थोड्या थोड्या चढवायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवसणी सोडली. ताज्या लाखेचा वास खोलीभर पसरला. पॉलिशखाली तूनच्या रेषा मधाळ दिसत होत्या, गळ्याशी एक लहान गाठ तशीच राखली होती, आणि खुंट्यांवर खडूची पूड होती. पंचम लावला, मग जोड, मग खर्ज. तारांतले मणी सरकवून बारीक फरक मिटवला. दोरा हलवत गेले आणि एका क्षणी चारही तारा एकमेकींत मिसळल्या. भाचा शेजारी गिटार घेऊन बसला होता. त्याच्या घोडीचा काठ अरुंद, माझी घोडी रुंद. त्याचा सूर टपोऱ्या थेंबासारखा पडतो आणि विरतो, माझा पसरत जातो. त्याने बोटाने माझी घोडी चाचपली आणि विचारलं, “मावशी, एवढ्याशा उतारावर सगळा आवाज?” मी पांढरी पाचचा षड्ज लावला. गळा ताणावा लागला नाही. तार षड्ज सहज लागला आणि तिथे थांबता आलं. अनेक वर्षांनी मी वरच्या स्वरावर निर्धास्त उभी होते. त्या सकाळी रियाज संपवावासा वाटला नाही.

कोकणच्या हवेत सांभाळताना

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत खारटपणा असतो. त्यामुळे तंबोऱ्याची काळजी इथे थोडी वेगळी घ्यावी लागते. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट होतात, त्या जबरदस्तीने फिरवल्या तर दांडीला तडा जाऊ शकतो. कोरड्या दिवसांत त्याच खुंट्या घसरतात, तेव्हा खडू कामी येतो. पोलादी तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की कोरड्या मऊ कापडाने पुसायच्या. भोपळा जमिनीला थेट टेकवू नये, चुंबळीवर ठेवावा. त्याला बुरशी आणि भुंगा दोन्ही लागू शकतात, म्हणून आषाढ-श्रावणात गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळाली की वाद्य सावलीत हवेशीर ठेवावं, थेट उन्हात नाही. रोजच्या वाजण्याने घोडीवर तारांच्या खाचा पडतात, जव्हारी बसते. ती पुन्हा काढून घ्यायला मिरजेला जावं लागतं, आणि जायलाच हवं.

मागणी आपण करायची

१९७९ च्या सुमारास बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, आणि आता तो मोबाइलमध्येही आहे. प्रवासात, एकट्याच्या रियाजात त्याची मोठी सोय होते. पण तो कधी बेसूर होत नाही, त्यामुळे तो लावावा लागत नाही, आणि तंबोरा लावणं हेच सुरांचं पहिलं शिक्षण आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी खुंटी धरायला शिकवते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला वाटावा. मात्र मानांकनाने कारागिराच्या मुलाच्या हाती कानस टिकत नाही, ती टिकते मागणीने. थिबा राजवाड्याच्या प्रांगणात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो, तेव्हा आपण रत्नागिरीकर थंडीत बसून मोठमोठ्या कलावंतांना ऐकतो. त्यांच्या मागे वाजणारे तंबोरे कुणीतरी घडवलेले असतात. आपल्या घरातलं मूल गात असेल, त्याचा आवाज फुटून स्थिर झाला असेल, तर त्याला एकदा मिरजेला घेऊन जा. तयार वाद्य उचलू नका. कारागिरासमोर त्याला षड्ज लावू द्या, पट्टी ठरू द्या, आणि महिना-दोन महिने वाट पाहा. त्या मुलाला आयुष्यभराचा साथीदार मिळेल, आणि मिरजेच्या त्या घराला पुढच्या पिढीसाठी काम.