२२ भागिले ७ म्हणजे ३?

सी प्रॅक्टिकलची परीक्षा. चिठ्ठी उचललीत आणि निघालं काय, तर वर्तुळाचं क्षेत्रफळ, फंक्शन वापरून. मनातल्या मनात नाचलात ना? सूत्र शाळेपासून पाठ आहे. त्रिज्या ७ दिली की १५४ येणार. प्रोग्रॅम रन झाला, एकही एरर नाही, आणि स्क्रीनवर १४७!

मग उरलेले सात गेले कुठे? तुम्ही २२/७ लिहिलंत, तिथेच गेले. २२ पूर्णांक, ७ही पूर्णांक. अशा दोघांचा भागाकार सी पूर्णांकातच देते, दशांश चिन्हानंतरचं सगळं कापून टाकते. त्यामुळे तुमचा पाय झाला ३, आणि ४९ त्रिक १४७. त्रिज्या फ्लोट केलीत तरी फरक नाही, कारण आधी २२/७ होऊन जातं. २२.०/७ लिहा, झालं. त्रिकोणात तर याहून धमाल. सुरुवातीलाच १/२ लिहून पुढे पाया आणि उंचीने गुणलंत, तर जगातल्या प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ शून्य! आणि त्रिज्येचा वर्ग म्हणून टोपीचं चिन्ह वापरू नका बरं का. सीमध्ये ते घाताचं चिन्ह नाही, बिट्सचं एक्सॉर आहे. ७ टोपी २ चं उत्तर येतं ५.

आता फंक्शनकडे वळू. आपण बरेचदा मेनमधलं सगळं उचलून फंक्शनमध्ये कोंबतो. स्कॅनएफ, सूत्र, प्रिंटएफ, सगळं. चालतंही, जर्नलवर सही मिळते. पण एक्स्टर्नल म्हणाले, 'याच फंक्शनने वृत्तचितीचं घनफळ काढून दाखवा,' की फजिती. कारण स्क्रीनवरचं १५४ तुम्हाला दिसतं, प्रोग्रॅमच्या हातात काहीच नसतं. उंचीने गुणणार कशाला? बातमीदाराने बातमी डेस्कला पाठवायच्या ऐवजी रस्त्यात ओरडून सांगावी, तसं झालं हे (आमच्या धंद्यातलं उदाहरण, सांभाळून घ्या).

म्हणून फंक्शनने त्रिज्या घ्यावी, उत्तर रिटर्न करावं, बाकी गप्प बसावं. रिटर्न टाइप मात्र फ्लोट किंवा डबल ठेवा. इंट ठेवलात तर दशांश पुन्हा कापले जातील. एवढं जमलं की वृत्तचिती म्हणजे तेच फंक्शन गुणिले उंची. शंकू हवा असेल तर त्याला ३ ने भागा. बांगडीच्या आकाराच्या पट्टीसाठी तेच फंक्शन दोनदा बोलवायचं, मोठ्या वर्तुळातून छोटं वजा. पाय एकाच ओळीत राहतो. उद्या ३.१४१५९ वापरायचं ठरलं तर तेवढी एक ओळ बदला.

व्हायवाच्या आधी एक करून बघा. हेरॉनच्या सूत्राचं फंक्शन लिहा, तिन्ही बाजू मुद्दाम इंट ठेवा आणि अर्धपरिमिती काढताना बेरजेला नुसत्या २ ने भागा. ३, ४, ५ दिल्यावर ६ येईल, एकदम बरोबर. तेवढ्यावर लॅपटॉप मिटू नका. आता २, ३, ४ द्या. खरं उत्तर २.९ च्या आसपास आहे, तुमचं फंक्शन मात्र शून्य सांगेल. अर्धपरिमिती ४.५ ची ४ झाली आणि ४ वजा ४ ने सगळा गुणाकार खाऊन टाकला. २ च्या जागी २.० करा आणि पुन्हा रन करा.