संबळ थांबल्यावर

होळी झाली की मोखाड्यात बोहाड्याच्या, म्हणजे मुखवटे घालून नाचणाऱ्या सोंगांच्या रात्री सुरू होतात. गणपती नाचून जातो, मोरावरची शारदा येऊन जाते, आणि मग एखादं राक्षसाचं सोंग गल्लीच्या टोकाला दिसतं. मुखवटा लगद्याचा, पण चांगला वजनदार. त्याला बघायला दोन बारीक भोकं. आतल्या माणसाला पुढचा रस्ता जेमतेम दिसतो, त्याला खरा चालवतो तो संबळ. ठेका बदलला की वळायचं, तुटला की थांबायचं. माझ्या शेजारचा म्हातारा बराच वेळ गप्प बसून होता. एका सोंगाला मात्र तो पुटपुटला, “पाय मागं राहिला.” संपलं परीक्षण. मुखवट्याच्या रंगाबद्दल किंवा अंगावरच्या जरीबद्दल एक शब्द नाही.

आपल्याला मात्र साडेतीन ताऱ्यांची सवय लागली आहे. अभिनय उत्तम, संगीत बरं, उत्तरार्ध ढिला. हा हिशेब बाकी सिनेमांना कसाबसा चालतो, पण विनोदी सिनेमा आणि व्हिडिओ गेम यांच्यापुढे लंगडा पडतो. कारण हे दोन्ही प्रकार अर्धे पडद्यावर असतात आणि अर्धे समोरच्याच्या अंगात घडतात. हसू फुटलं नाही तर छायाचित्रण कितीही देखणं असो, काय चाटायचंय? बोटाला मजा आली नाही तर गेममधला डोंगर कितीही खरा वाटो, पोरगं दुसऱ्या दिवशी तो उघडत नाही. म्हाताऱ्याचा प्रश्न इथं कामाला येतो: ठेका कुठला होता, आणि पाय कुठे पडला?

बोहाड्यातून आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. इथं स्त्रीची सोंगंही पुरुषच घेतात. लुगडं नेसलेला बाप्या शारदा होऊन येतो, देवी होऊन येतो, आणि कुणी फिदीफिदी हसत नाही. नमस्कार करतात. म्हणजे लुगड्यातला पुरुष ही काही आपोआप हसण्याची वस्तू नव्हे. हे ध्यानात ठेवून १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ पुन्हा बघा. घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त लग्न झालेल्यांनाच खोल्या देणार, म्हणून खोली शोधणाऱ्या चौघांपैकी दोघांना बायका व्हावं लागतं. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साडीत दिसतात म्हणून आपण हसत नाही. दारावरची थाप, घसरू पाहणारा पदर, बाईच्या आवाजात बोलता बोलता मध्येच फुटणारा पुरुषी आवाज, अशी पकडले जाण्याची भीती सतत डोक्यावर असते, म्हणून हसतो. छोट्या पडद्यावरच्या कित्येक प्रहसनांनी यातली साडी तेवढी उचलली आणि भीती घरी ठेवली. तिथं मग मागून हशा जोडावा लागतो.

त्याच सिनेमातला सत्तर रुपयांचा प्रसंग तर हत्यार उघडून बघावं तसा बघण्याजोगा आहे. सुधीर जोशींचे सरपोतदार औषधासाठी दिलेल्या पैशांची चौकशी करतात. औषध आणणारा माणूस वारला, असं अशोक सराफांचा धनंजय माने सांगतो. आणि माझे सत्तर रुपये? तेही वारले. यात रक्कम सत्तर आहे हे महत्त्वाचं. शंभर म्हटलं असतं तर उसनवारी वाटली असती. सत्तरला चिकटपणाचा वास आहे, हा माणूस ती रक्कम विसरणार नाही हे आकड्यातच कळतं. दुसरं म्हणजे सराफांचा चेहरा. त्यावर दुखवट्याची छटा खरी आहे. नटानं विनोद केल्याचं जाहीर केलं असतं तर वाक्य तिथंच मेलं असतं. तिसरा तो थांबा. सरपोतदारांना, आणि आपल्याला, अर्थ लागायला जेवढा वेळ हवा तेवढाच. संबळवाला ठेका तोडतो आणि सोंग एका पायावर उभं राहतं, तेवढा.

दोष नाहीत असं नाही. नायिकांच्या वाट्याला फसवलं जाणं आणि शेवटी झटपट माफ करणं यापलीकडे फार काही येत नाही. अश्विनी भावे तेवढी आपली जागा ठणकावून घेते. गाणी आली की ठेका बसतो. कथा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली आहे, हाही आक्षेप नेहमीचाच; मला तो फुसका वाटतो. बोहाड्यातलं एकही सोंग नवं नसतं, सगळी पुराणांतून आणलेली. उसनं कुठून आणलं यापेक्षा ते इथल्या मातीत नाचलं का, हे बघावं. वसंत सबनीसांच्या संवादांनी ते पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत पक्कं आणून बसवलं.

याच सबनीसांनी दादा कोंडक्यांच्या १९७१च्या ‘सोंगाड्या’चं लेखन केलं होतं. दादांच्या द्वयर्थाला नावं ठेवणारे एक विसरतात: तिथं दुसरा अर्थ बोलणाऱ्याला कळतच नाही, तो फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात उगवतो. भोळा चेहरा ही सगळी कमाई. पुढच्या काही चित्रपटांत चेहऱ्यावरचा भोळेपणा उरला, पण गोष्ट पातळ होत गेली, आणि मग तेच शब्द नुसते चावट वाटू लागले. सामर्थ्य आणि दोष एकाच खिळ्याला टांगलेले असतात, ते असे.

आता गेम. सिनेमात थांबा किती घ्यायचा हे नट आणि संकलक ठरवतात. गेममध्ये तो खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर असतो. म्हणून विनोदी गेम करणं महाकठीण. एखादं पात्र चुटका सांगतं, पुढच्या वळणावर तुम्ही मरता, परत मागून सुरू करता आणि तोच चुटका पुन्हा ऐकता. सहाव्या वेळी त्या पात्राला ढकलून द्यावंसं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या हाउस हाउस या छोट्या गटानं २०१९च्या ‘अनटायटल्ड गूज गेम’मध्ये यावर तोड काढली. चुटका सांगायचाच नाही. खेळणाऱ्याला एक खवट हंस करायचं आणि एका शांत गावात सोडायचं. माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, कुणाला घाबरवायचं. खोडी तुमची, वेळ तुमची, म्हणून हसूही तुमचं. उणीव एवढीच की सगळ्या खोड्या करून झाल्यावर हंसाला फारसं काही उरत नाही.

मोखाड्याचा बोहाडा पहाटे देवी आणि महिषासुराच्या युद्धानं संपतो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये ‘राजी’ काढला, त्यातही दुर्गा आहे आणि असुर आहेत. सर्कशीत वाढलेली राजी हरवलेल्या भावाला, गोलूला शोधत निघते आणि दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते. भिंतींवरची चित्रं, छायाबाहुल्यांसारखे रंगवलेले कथाप्रसंग, हे सगळं मन लावून केलेलं. कमी पडते ती लढाई. शत्रूंचे प्रकार थोडे, हालचालीत थोडा जडपणा, आणि गोष्ट रंगात आली असतानाच खेळ अर्ध्यावर सोडल्यासारखा संपतो.

लढाईचा गेम जोखायचा तर वार होण्याआधी मिळणारी चाहूल बघावी. शत्रूचा खांदा वर गेला, आवाज बदलला, जमीन लाल झाली, यातलं काहीतरी दिसलं पाहिजे. मग मार खाल्ला तरी खेळणारा म्हणतो, चूक माझीच. चाहूल न देता मारलं तर तो फोन आपटतो. महिषासुराचं सोंग तलवार उचलायच्या आधी संबळ घुमायला लागतो, पुढच्या ओळीतली पोरं तेवढ्यावरच मागे सरकतात. पहाटेपर्यंत जागलेल्या गर्दीला निकाल पाठ असतो, तरी ती उठत नाही. ‘राजी’ला कथेत हे साधलं, हाताखाली अधूनमधूनच.

आणि वावर. मोखाड्याशेजारच्या जव्हार तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते वावर-वांगणी अशा जोडीनं, १९९२च्या बालमृत्यूंच्या बातम्यांतून. तेव्हापासून इथं आलेला प्रत्येक पाहुणा वजनकाटा घेऊन येतो. काटा आणावाच लागतो. पण इथली पोरं कशाला हसतात हे विचारायचं पाहुण्याच्या कागदावर नसतं. या पट्ट्यात गेमची पहिली परीक्षा फोनच घेतो. जागा किती खातो? दोन-तीन वर्षांच्या स्वस्त फोनवर अडखळतो का? टेकडीवर चढलं तर रेंज, उतरलं की गुल, अशा वेळी काय करतो? ‘फ्री फायर’ खेड्यापाड्यांत पसरला तो याच परीक्षेत पास झाला म्हणून. ५० जणांचा डाव, साधारण दहा मिनिटांत निकाल, साध्या फोनवर चालणारा. शहरातले जाणकार त्याच्या चित्रांना नाकं मुरडत, आणि ती मुरडण्यासारखी होतीही. फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. त्याचा खरा दोष माझ्या मते बंदुकीत नव्हता, दुकानात होता: कपडे, स्किन, हिरे, सतत काहीतरी विकत घे म्हणणारा खेळ रोजंदारीच्या घरात गेला की भांडणं लावतो.

नवी मुंबईतल्या गेमेशननं २०१६मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ टीकाकारांच्या कुठल्याच यादीत बसणार नाही. कौशल्य बेताचं, सगळा भार फाशावर, आणि डाव संपला रे संपला की जाहिरात. पण रेंज नसताना एका फोनवर चौघं खेळू शकतात. पावसाळ्यात पडवीत असा डाव बघितला. फोन मध्ये जमिनीवर, भोवती चार डोकी, पाचवा नुसता सल्ले देणारा. एकाची सोंगटी घराच्या पट्टीत शिरायला दोन घरं उरली असताना मारली गेली. मारणाऱ्यानं आवाज केला नाही. त्यानं फोन उचलला, हरणाऱ्याच्या तोंडासमोर धरला, आणि सोंगटी तुरुतुरु मागे पळत पार सुरुवातीच्या घरात जाऊन बसेपर्यंत तसाच धरून ठेवला. कुणी बोललं नाही. सोंगटी बसली, आणि मग पडवी फुटली. सर्वांत जोरात हसला तो हरणारा. तेवढ्यात जाहिरात आली, आणि पाचव्यानं ती बंद करायला अंगठा पुढे केला.