खेळ सुरू झाला की संगणक का बंद पडतो?

सोलापूर-धुळे महामार्गावर बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना पाली हे गाव लागते. समजा, इथल्या बारावीच्या एका मुलाने सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवला आहे. पत्र टंकणे, चित्रफिती पाहणे ही कामे तो बिनतक्रार करतो. पण मोटारशर्यतीचा खेळ सुरू केला, की थोड्याच वेळात पडदा काळा होतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. मित्र सांगतात, "ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घे." त्याला हजारो रुपये पडतात. एवढा खर्च करूनही संगणक बंद पडतच राहिला तर? घरी जुळवलेल्या यंत्राचा वैद्य म्हणजे ज्याने ते जुळवले तोच. म्हणून आधी कारण शोधू या, पैशांचे मग पाहू.

भार वाढला की काय होते?

चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने तिच्या वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. काम हलके असले की संगणक या दोन्ही गोष्टी कमी करतो. खेळ सुरू झाला की दोन्ही वाढतात. निवांत असताना वीसेक वॅट घेणारे ग्राफिक्स कार्ड आता २४० वॅट मागू शकते. म्हणजे पत्र टंकताना संगणक नीट चालला, एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. महासंगणकांची परीक्षाही भाराखालीच होते. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' २०२० साली जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांत ६३ वा आला. ही क्रमवारी अवाढव्य समीकरणसंच सोडवण्याच्या वेगावरून लावली जाते.

वाढलेली शक्ती दोन ठिकाणी त्रास देते. पहिले ठिकाण उष्णतेचे. पंखा चिपला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक भाराला चिप आणि हवा यांच्या तापमानांत साधारण ठरावीक फरक राहतो. हा फरक ५५ अंश धरला, तर २५ अंशांच्या खोलीत चिप ८० अंशांवर राहील आणि मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत ९५ वर जाईल. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. त्याहून तापले तर स्वतःच्या बचावासाठी बंद होतात. जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकले असतील, तर हा फरक आणखी वाढतो.

दुसरे ठिकाण वीजपुरवठ्याचे. शेतातली मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंदावतो, हे आपण पाहिले आहे. संगणकाच्या पेटीतही तसेच घडते. १२ व्होल्टवर २४० वॅट म्हणजे २० अँपिअर प्रवाह. वायर आणि सैल जोडणी यांचा रोध फक्त ०.०३ ओहम धरला, तरी २० × ०.०३ = ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. कार्डाला उरतात ११.४ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या ५ टक्के मर्यादेची अगदी कड. शिवाय जोडणीत १२ वॅट उष्णता निर्माण होते ती वेगळीच.

संशयितांची उलटतपासणी

वही घ्या. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, खोलीचे तापमान, कोणता खेळ, किती मिनिटांनी आणि कसा बंद पडला, हे लिहा. आधी वेग मंदावला, मग बंद पडला, तर उष्णतेवर संशय. मोठे दृश्य येताच एकदम काळोख, तर वीजपुरवठ्यावर. फक्त खेळ बंद होऊन मूळ पडदा दिसला, तर बहुधा खेळाचा प्रोग्राम, ड्रायव्हर किंवा स्मृती (रॅम). हे संशय आहेत, निकाल नव्हेत.

कोणी म्हणेल, "पहाटे खेळून पाहा. चालला तर दोष उष्णतेचा." इथे थांबा. पहाटे हवा थंड असते, पण शेतपंप बंद असतील तर विद्युतदाबही चांगला असतो. एकदम दोन गोष्टी बदलल्या, म्हणून प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी दुपारी, त्याच वेळी, तोच खेळ, पेटीची बाजूची झडप काढून समोर टेबलपंखा लावून खेळा. आता फक्त थंडावा बदलला. बंद पडणे थांबले, तर उष्णतेचा पुरावा मिळाला.

न थांबल्यास पुढे जाऊ. चाचणीच्या प्रोग्रामने आधी फक्त प्रोसेसरवर भार द्या, मग फक्त ग्राफिक्स कार्डावर, शेवटी दोन्हींवर. एकेकटे तग धरतात, पण दोन्ही मिळून कोसळतात, तर वीजपुरवठा मुख्य संशयित. कार्डाला दोन जोडण्या असतील, तर एकाच वायरीच्या दोन टोकांऐवजी दोन स्वतंत्र वायरी लावा. वायर बदलण्याला पैसे लागत नाहीत, तेव्हा ती आधी बदलावी.

स्मृतीसाठी वाढीव वेगाची मांडणी बंद करा. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून रात्रभर तपासा. खेळ एकच बंद पडत असेल आणि बाकीचे चालत असतील, तर यंत्रापेक्षा त्या खेळाकडे पाहा.

विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडली, की अनेकजण वीजपुरवठा बदलायला धावतात. ती नोंद इतकेच सांगते, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण ती सांगत नाही.

सावधगिरी

पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढा आणि धातूच्या भागाला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवा. धूळ झटकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातील धारित्रांत घातक भार शिल्लक असू शकतो.

शाळेतही हे करता येईल. प्रयोगशाळेतला एखादा संगणक अधूनमधून बंद पडत असेल, तर तो दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी आठवडाभर विद्यार्थ्यांच्या हाती वही द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे दिसले तेच लिहायचे, एवढा नियम पुरेसा आहे. दोष सापडला नाही, तरी दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती ती वही द्या. "कधी कधी बंद पडतो" या वाक्यापेक्षा त्याला तिचा पुष्कळ अधिक उपयोग होईल.