डोमकळी

डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या प्रादुर्भावामुळे पूर्ण न उमललेले, पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटलेले कपाशीचे विकृत फूल होय. असे फूल अर्धवट उमललेल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसते. वनस्पतीच्या आनुवंशिक गुणांशी या विकृतीचा संबंध नसतो. फुलाच्या आत असलेल्या अळीमुळे ती निर्माण होते. कापूस उत्पादक प्रदेशांत, विशेषतः विदर्भात, डोमकळी ही किडीच्या आगमनाची पहिली ठळक खूण मानली जाते.

कपाशीचे सामान्य फूल

कपाशी ही जास्वंद व भेंडी यांच्याच कुळातील वनस्पती आहे. तिच्या कळीला शेतकरी 'पाते' म्हणतात. पाते तीन मोठ्या, कातरलेल्या कडांच्या छदांनी वेढलेले असते. पाते दिसू लागल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी फूल उमलते. फुलाला पाच पाकळ्या असतात आणि अनेक पुंकेसर जुळून मध्यभागी नलिका तयार झालेली असते. अमेरिकन कपाशीचे फूल सकाळी फिकट पिवळसर रंगाचे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते व नंतर सुकून गळते. हा रंगबदल नैसर्गिक आहे. केवळ गुलाबी रंगावरून फुलाला डोमकळी समजणे चुकीचे ठरते.

डोमकळी कशी तयार होते

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे. भारतातील कापसाचे नुकसान करणाऱ्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. मादी पतंग पाते, फुले व कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. अंड्यांतून चार-पाच दिवसांत बाहेर पडणारी अळी आरंभी पांढुरकी असते. तिचा गुलाबी रंग शेवटच्या अवस्थेत स्पष्ट होतो.

अळी अगदी लहान पात्यात शिरली, तर ते पाते बहुधा गळून पडते. पाते मोठे असल्यास मात्र ते वाढत राहते आणि अळी आतील परागकण व पुंकेसर खाते. ती आपल्या रेशमी धाग्यांनी पाकळ्यांची टोके एकत्र बांधते. त्यामुळे फुलण्याची वेळ आली तरी पाकळ्या उलगडू शकत नाहीत. अशी कळी हलक्या हाताने उघडल्यास आत धाग्यांचे जाळे, विष्ठा आणि बहुधा अळीही आढळते.

इतर विकृत फुलांपासून वेगळेपण

फुलांच्या रचनेत बदल होण्याची कारणे निरनिराळी असतात. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांचे रूपांतर पाकळ्यांसारख्या भागांत झालेले असते. हा बदल आनुवंशिक असून कलमांद्वारे टिकवता येतो. युरोपातील स्नोड्रॉप या फुलात सामान्यतः बाहेरची तीन दले लांब व आतली तीन आखूड असतात; परंतु ज्या प्रकारांत आतली दलेही बाहेरच्यांसारखी लांब होतात, ते संग्राहक आवडीने जोपासतात. तिळावरील पर्णगुच्छ या रोगात फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके येतात. तो तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे होतो. फुलाचे भाग हे मूलतः पानांचेच बदललेले रूप आहेत, हा विचार जर्मन कवी गटे यांनी १७९० मध्ये मांडला होता. अशा उदाहरणांवरून तो समजण्यास मदत होते.

डोमकळीत यांपैकी काहीही घडत नाही. तिच्यातील अवयवांची संख्या व मांडणी मुळात सामान्यच असते. केवळ त्यांचे उमलणे अडवले गेलेले असते.

बुलढाणा जिल्हा व विदर्भ

बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके काळ्या जमिनीचे व परंपरेने कापसाचे आहेत. खामगाव ही एकोणिसाव्या शतकापासून कापसाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. १८७० मध्ये जलंब–खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला.

भारतात बीटी कपाशीच्या लागवडीला २००२ मध्ये, तर दोन जनुके असलेल्या वाणांना २००६ मध्ये मान्यता मिळाली. बोंडअळ्यांचा बंदोबस्त होईल अशी अपेक्षा आरंभी बऱ्याच अंशी पूर्णही झाली. पुढे गुलाबी बोंडअळीत या वाणांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली. बीटी पिकाभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याकडे झालेले दुर्लक्ष, दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि हंगाम संपल्यावरही पाणी देऊन घेतलेली फरदड ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. २०१७ च्या हंगामात विदर्भासह महाराष्ट्रात या किडीने मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले.

महत्त्व व उपाय

बोंडात शिरलेल्या अळीचे प्रवेशछिद्र लवकरच बुजते. बोंड बाहेरून निरोगी दिसते. मात्र आत सरकी पोखरली जाते व रुई डागाळते. ही हानी बोंड फुटल्यावरच उघड होते आणि तोपर्यंत उपायाची वेळ गेलेली असते. म्हणून बोंडे धरण्यापूर्वी दिसणाऱ्या डोमकळीला इशाऱ्याचे महत्त्व आहे.

फुले येऊ लागल्यापासून दर आठवड्याला शेतातील निरनिराळ्या ठिकाणची फुले पाहावीत व डोमकळ्या तोडून अळीसह नष्ट कराव्यात. त्या बांधावर टाकून दिल्यास अळी पुढील अवस्थेत जाऊन पतंग बाहेर पडू शकतो. पतंगांवर लक्ष ठेवण्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडणे किंवा सुमारे ५ ते १० टक्के फुले डोमकळ्या झालेली आढळणे, ही नियंत्रणाचे उपाय योजण्याची पातळी समजली जाते. आरंभी ५ टक्के निंबोळी अर्क व ट्रायकोग्रामा हे परजीवी मित्रकीटक वापरतात. रासायनिक फवारणी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार व संरक्षक साधने वापरूनच करावी.

फरदड न घेणे, हंगाम वेळेवर संपवणे, पऱ्हाटी शेतात वा बांधावर साठवून न ठेवणे आणि जिनिंगच्या आवारातील पतंगांचा नाश करणे हे उपाय गावाने मिळून करावयाचे आहेत, कारण पतंग शेताची हद्द पाळत नाहीत. एकत्रित प्रयत्नांचे फळ अमेरिकेत दिसून आले आहे. बीटी कपाशी, कामगंध व वंध्य पतंग सोडणे यांच्या एकत्रित वापरातून तेथील कापूस क्षेत्रातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे २०१८ मध्ये जाहीर करण्यात आले.